पाठीवरचं कुळ

राजकन्येचं लग्न ठरलं, पण नवरदेव कुत्रा होता. साधासुधा नव्हे, अंगावर पाच रंगांचे केस असलेला, राजाच्या दरबारात वाढलेला. शत्रूचं मुंडकं जो आणील त्याला मुलगी देईन, असा राजाने पण लावला होता. सेनापती माना खाली घालून बसले आणि हा कुत्रा समुद्र पोहून पलीकडे गेला. शत्रू राजाच्या मर्जीत शिरला, एके रात्री तो दारूच्या नशेत पडलेला पाहून त्याचं डोकं तोंडात धरून परत आला. दिलेला शब्द मोडायचा कसा? लग्न लागलं. पण जावयाला चारचौघांत न्यायचं तर त्याचं अंग झाकायला हवं. म्हणून त्याच्यासाठी कपडे झाले: कमरेला बांधायला भरतकामाचा पट्टा, कपाळाला गुंडाळायला भरतकामाचा रुमाल, मांड्या झाकायला भरतकामाची विजार आणि पोटऱ्यांना भरतकामाच्या पट्ट्या.

कपड्यांची ही यादी दक्षिण चीनमधल्या याओ लोकांच्या एका सनदेत येते. गोष्टीतल्या राजाने, म्हणजे राजा पिंगने, कुत्र्याच्या, म्हणजे पानहूच्या, वंशजांना दिलेली ही सनद. त्यांनी हवा तो डोंगर कसावा, त्यांच्याकडून कर घेऊ नये, त्यांना वेठीला धरू नये, असं तिच्यात लिहिलेलं आहे. तिच्या बऱ्याच प्रतींवर सोंग राजवटीतलं, इ.स. 1260चं साल घातलेलं असतं. सनद खरोखर कुठल्या दरबारातून निघाली हा इतिहासकारांचा प्रश्न. याओंच्या दृष्टीने ती खरीच होती. एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर जाताना हा लांबलचक गुंडाळा त्यांनी बरोबर नेला आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या नकला केल्या.

याओंपैकी जे तेराव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत टप्प्याटप्प्याने व्हिएतनामच्या उत्तरेकडच्या डोंगरांत उतरले, त्यांना तिथे दाओ म्हणतात. (हनोईकडचा उच्चार 'झाओ'च्या जवळ जातो.) व्हिएतनामच्या 2019च्या जनगणनेत त्यांची संख्या 8 लाख 91 हजारांवर होती. लाओ काय, तुयेन क्वांग, काओ बांग या प्रांतांत त्यांची दाट वस्ती आहे. पानहूला ते बान वुओंग, म्हणजे बान राजा म्हणतात. त्याला झालेल्या सहा मुलग्यांपासून आणि सहा मुलींपासून बारा कुळं निघाली, अशी श्रद्धा आहे. शेजारचे लोक कुत्र्याचं मांस खात असले तरी दाओ ते खात नाहीत. आणि सनदेतल्या यादीतली वस्त्रं आजही दाओ बायकांच्या अंगावर दिसतात: डोक्याचा रुमाल, कमरेचा पट्टा, भरलेली विजार, पोटऱ्यांच्या पट्ट्या. भरतकाम जास्त असतं तेही याच जागांवर.

लाओ काय प्रांतातल्या सा पाच्या बाजारात लाल रुमाल बांधलेल्या दाओ बाईला पर्यटक हमखास विचारतात, की या नक्षीचा अर्थ काय. मार्गदर्शक पुस्तकांत त्याची तयार उत्तरं असतात: हे पाइनचं झाड, हा वाघाचा पंजा, हे कुत्र्याचं पाऊल, हा आठ पाकळ्यांचा तारा. उत्तरं चुकीची नाहीत, पण ती फक्त नक्षीची नावं आहेत. अर्थ समजून घ्यायचा तर ती नक्षी कपड्याच्या कुठल्या जागी आहे, कोण कधी अंगावर घालतं आणि तिच्यावरून कोण कोणाला ओळखतं, हे पाहावं लागतं.

त्याआधी ती कापडावर येते कशी, ते बघू. दाओ भरतकाम मोजून केलेलं काम आहे. कापडावर आधी काहीच रेखाटलेलं नसतं. ना ठसा, ना खडूची रेघ. घरी विणलेल्या सुती कापडाचे उभे-आडवे धागे हाच आलेखाचा कागद. बाई धागे मोजते, अमुक धाग्यांवरून सुई नेते, तमुक धाग्यांखालून काढते. आणि हे सगळं कापडाच्या उलट्या बाजूने. भरताना तिच्या डोळ्यांसमोर असते ती पाठीमागची, टाक्यांच्या शेपट्यांची बाजू. नक्षी उमटते ती पलीकडे, तिला न दिसणाऱ्या बाजूला. सुलट बाजूला हात कमी लागतो, त्यामुळे रंग मळत नाहीत, असं याचं एक व्यवहारी कारण सांगतात. पण ते साधायचं तर अख्खी नक्षी आधी डोक्यात असावी लागते.

पाइनचं झाडच घ्या. आधी मधला सरळ बुंधा. मग दोन्ही बाजूंना तिरक्या फांद्या, दर ओळीला ठरावीक धागे सोडून एकेक टाका बाहेर सरकवत नेलेल्या. डावीकडे जितके धागे मोजले तितकेच उजवीकडे. एक धागा चुकला की फांदी वाकडी होते आणि ती चूक पुढच्या प्रत्येक ओळीत वाढत जाते. उसवण्याशिवाय इलाज नसतो. अशा कामात गोलाई जमत नाही. आडवी रेघ, उभी रेघ आणि तिरकी रेघ एवढंच हाताशी असतं. म्हणून वाघाचा पंजा खऱ्या पंजासारखा दिसत नाही. चौकोनाभोवती टोकदार कोन मांडलेले दिसतात. पाहणाऱ्याला पंजा दिसतो तो आजीने 'हा वाघाचा पंजा' असं सांगितलेलं असतं म्हणून. गावागावांत एकाच आकृतीची नावं बदलतात ती यामुळेच, आणि नावांची यादी पाठ केल्याने फारसं काही हाती लागत नाही, तेही यामुळेच.

थायलंड आणि लाओसमधल्या याओंना मिएन म्हणतात. तिथल्या कामाचा जॅकलिन बटलर-डायझ यांनी बारकाईने अभ्यास केला. विणीशी समांतर जाणारा टाका जुना, त्यानंतर जाळीचा टाका, आणि सगळ्यांत अलीकडचा फुलीचा टाका, असा क्रम त्यांच्या 'याओ डिझाइन' या पुस्तकात मांडला आहे. फुलीचा टाका आल्यावर कापडाचा मोठा भाग भरून काढणं सोपं झालं आणि विजारीवर नव्या आकृत्यांची गर्दी झाली. म्हणजे परंपरा म्हणून जे दाखवलं जातं, त्यातही जुने आणि नवे थर आहेत. मुली लहानपणी आईशेजारी बसून सोप्या ओळींपासून हे शिकतात. लग्नाचा पोशाख मुलीने स्वतः भरायचा, अशी रीत. शेतीची कामं सांभाळून पुरा संच करायला वर्ष सहज जातं, कधी त्याहून जास्त. सासरी तिचा हात किती सफाईचा आहे हे त्या पोशाखावरून जोखलं जाई.

या भरतकामाच्या पायाला असतं निळीत बुडवलेलं कापड. निळीचा पाला पाण्यात कुजवायचा, पाणी गाळून त्यात चुना घालून खूप घुसळायचं, मग तळाला बसलेला गाळ काढून ठेवायचा. रंगवायच्या वेळी तो गाळ राखेच्या पाण्यात आणि थोड्या तांदळाच्या दारूत मुरवतात. एरवी नीळ पाण्यात विरघळत नाही. पिंपातली आंबण्याची क्रिया तिला विरघळणारं, पिवळट हिरवं रूप देते. कापड बुडवून वर काढलं की हवा लागताच ते डोळ्यांदेखत निळं होतं. एका बुडवणीत फिकट निळा रंग येतो. बुडव, वाळव, पुन्हा बुडव असं कित्येक दिवस केल्यावर तो जवळजवळ काळा होतो. या काळ्यावर लाल, पिवळा, पांढरा आणि हिरवा किंवा निळा दोरा चढला की पाच रंग पुरे होतात.

पाचच रंग का? पाचव्या शतकात फान ये या चिनी इतिहासकाराने लिहिलेल्या उत्तर हान घराण्याच्या इतिहासात पानहूची गोष्ट येते. तिथे राजा वेगळा आणि शत्रूही वेगळा, पण कुत्रा तोच. त्याचे वंशज झाडाच्या सालीचं कापड विणतात, फळाबियांनी रंगवतात, त्यांना पाचरंगी कपडे आवडतात आणि कपड्याची बेतणी अशी करतात की मागे शेपटीसारखा आकार राहतो, असं त्यात नोंदलं आहे. हे लिहिणारा दरबारी माणूस. डोंगरातल्या लोकांकडे तो वरून पाहत होता. तरी पंधराशे वर्षांपूर्वीची ही नोंद आणि आजचं दाओ कापड यांच्यात पाच रंगांचा धागा अखंड आहे. चिनी विचारात पाच रंग म्हणजे पाच तत्त्वं आणि पाच दिशा, हाही अर्थ त्यात मिसळला. पण दाओ घरात पहिला अर्थ पूर्वजाच्या अंगावरचे पाच रंग हाच सांगतात. लाल रंगाचा मान मोठा. तो शुभ, सुबत्ता आणणारा आणि भुताखेतांना दूर ठेवणारा. लाल दाओ बायकांच्या अंगरख्यावर छातीशी लाल लोकरीचे गोंडे ओळीने लावलेले असतात, ते याच भावनेने.

त्या अंगरख्याची पाठ बघण्यासारखी असते. बऱ्याच गटांत पाठीवर एक चौकोनी भरलेला भाग येतो आणि त्याला बान वुओंगचा शिक्का म्हणतात. ज्या समाजाच्या मानाचं मूळ एका सनदेत आहे, त्या समाजात शिक्क्याला किती वजन असेल! राजाच्या कागदावर जो शिक्का उठला, तोच वंशजाच्या पाठीवर भरला जातो. पाठीवरच का, याला दाओ लोकांचं सांगणं असं, की मेल्यानंतर माणूस पूर्वजांकडे जातो आणि हा पोशाख पाहून पूर्वज त्याला आपला म्हणून ओळखतात. ओळख पटली नाही तर तो जीव कुणाचाच नाही. त्यामुळे अखेरच्या प्रवासासाठी नीट भरलेला एक संच कित्येक म्हाताऱ्या बायका पेटीत जपून ठेवतात. आपल्याकडच्या आज्याही म्हणायच्या, की सोनंनाणं इथेच राहतं, बरोबर येतं ते गोंदण.

दाओंमध्येही सगळ्यांचा पोशाख एक नाही. उलट, व्हिएतनाममध्ये त्यांच्या गटांची नावंच कपड्यांवरून पडलेली आहेत: लाल दाओ, पांढऱ्या विजारीचे दाओ, घट्ट विजारीचे दाओ, लांब अंगरख्याचे दाओ, नाण्यांचे दाओ. व्हिएतनामी मानववंशशास्त्रज्ञांनी 1971 साली 'व्हिएतनाममधील दाओ' हा पायाभूत ग्रंथ काढला, तेव्हाही गट वेगळे करताना भाषा आणि विधींबरोबर पोशाखाचा आधार घ्यावा लागला होता. पांढऱ्या विजारीच्या गटात नाव पडलं ते नवरीवरून. लग्नात ती पांढरी विजार घालते. डोंगरउतारावरच्या बाजारात दोन अनोळखी बायका भेटल्या तर बोलण्याआधीच रुमालाची बांधणी आणि विजारीची नक्षी पाहून समोरची कुठल्या गटाची, हे दोघींना कळतं.

यात नाण्यांच्या दाओंची तऱ्हा निराळी. त्यांच्या अंगरख्याच्या गळपट्टीला मागच्या बाजूने नाणी शिवलेली असतात, सहसा 7 किंवा 9. इतर दाओ बायका विजार घालतात, तर यांच्या बायका घागरा नेसतात आणि त्यावरची नक्षी सुईची नसते, मेणाची असते. काओ बांग प्रांतातल्या न्गुयेन बिन्ह भागात हे काम अजून चालतं. तिथल्या होआई खाओ गावाजवळच्या कड्यांना दरवर्षी आग्या माश्यांची पोळी लागतात. माश्या निघून गेल्यावर गावकरी पोळी काढून, उकळून मेण गाळून घेतात. पांढरं सुती कापड दगडाने घासून गुळगुळीत करतात. बांबूची पातळ पट्टी वाकवून तिचं कडं करतात. वर्तुळासाठी ते वापरायचं आणि सरळ रेघांसाठी वेगळं हत्यार. हत्यार वितळलेल्या मेणात बुडवायचं, जादा मेण झटकायचं आणि कापडावर दाबायचं. मेण फार गरम असेल तर पसरतं, गार असेल तर कापडात मुरत नाही. ती नेमकी वेळ हाताला कळावी लागते. मग कापड निळीत बुडवायचं, वाळवायचं, पुन्हा बुडवायचं. शेवटी उकळत्या पाण्यात मेण निघून जातं आणि जिथे मेण होतं तिथे फिकट निळसर रेघा आणि वर्तुळं उरतात. सुईच्या कामात न जमणारी गोलाई इथे सहज येते. एकाच पूर्वजाची लेकरं, पण हत्यार बदललं आणि आकृत्याही बदलल्या.

आणखी एक आकृती मराठी वाचकाला थबकायला लावील. लाल दाओंच्या भरतकामात स्वस्तिक येतं. ही मंगलखूण बौद्ध धर्माबरोबर भारतातून चीनला गेली आणि तिथे 'दहा हजार', म्हणजे अगणित, असा अर्थ घेऊन चिनी लिपीतही बसली. व्हिएतनामी लोक तिला 'वान' म्हणतात. अर्थात, काटकोनात वळणाऱ्या रेघा मोजून भरल्या तर हा आकार अगदी सहज हाती येतो. त्यामुळे दाओ रुमालावरचं प्रत्येक स्वस्तिक भारतातून आलं असं म्हणता येणार नाही. बाहेरून आलेल्या खुणा जुन्या चौकटीत बसवून घेण्याची या कापडाची ताकद मात्र त्यातून दिसते.

दाओ समाजात लिहिणं-वाचणं पूर्वापार पुरुषांकडे होतं. चिनी लिपीतल्या पोथ्या त्यांच्याकडे. ताओ पंथाचे विधी, पूर्वजांची नावं, सनदेच्या नकला, सगळं त्यांच्या हातात. पुरुष वयात आला की त्याचा दीक्षाविधी होतो. त्याच्याभोवती दिवे लावतात, तीन, सात किंवा बारा. दिवे जितके जास्त तितका त्याचा दर्जा वरचा. त्याला विधीचं नाव मिळतं आणि ते पूर्वजांच्या यादीत चढतं. बायकांना या पोथ्या शिकवल्या जात नसत. पण विधीच्या दिवशी पुरुषाच्या अंगावरचे भरलेले कपडे बहुतेक घरातल्याच बायकांनी केलेले असतात. सनदेतली कपड्यांची यादी पुरुष वाचतो आणि ती अंगावर आणते बाई. कागदाची नक्कल जशी पिढीगणिक होते, तशी कापडाचीही. 1975नंतर लाओसमधल्या युद्धातून पळालेले मिएन थायलंडच्या छावण्यांत राहिले आणि पुढे त्यांतले बरेचजण अमेरिकेत कॅलिफोर्निया, ऑरेगॉन आणि वॉशिंग्टनमध्ये स्थायिक झाले. त्या छावण्यांत सुई-दोऱ्याचं काम हे पोटापाण्याचं एक साधन झालं. डोंगर आणि शेती सुटली, पण धागे मोजायला कापडाचा तुकडा पुरतो.

आज या कामावर दोन बाजूंनी दाब आहे. एक म्हणजे सामान. गिरणीतलं कापड इतकं दाट विणलेलं असतं की त्याचे धागे मोजता येत नाहीत. म्हणून मोजता येईल असं कापड मुद्दाम शोधावं लागतं. घरी झाडपाल्याने रंगवलेल्या रेशमी दोऱ्याची जागा बाजारातल्या लोकरीने आणि कृत्रिम धाग्याने घेतली आहे. त्याने रंग भडक झाले. त्याबद्दल हळहळण्याआधी हेही बघायला हवं की लोकरीचे गोंडे हीसुद्धा व्यापारातून आलेलीच चीज आहे, आणि दाओ बायकांनी ती मनापासून आपली केली. दुसरा दाब बाजाराचा. सा पामधल्या दुकानांत जुन्या विजारीचे भरलेले पाय कापून त्यांच्या पिशव्या, उशांचे अभ्रे आणि मोबाइलची पाकिटं होतात. यंत्राने भरलेली पट्टी मीटरवर मिळते. व्हिएतनाम सरकारने दाओ पोशाखाच्या कलेला राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत जागा दिली आहे, आणि हनोईच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात हे कपडे काचेमागे नीट मांडलेले आहेत.

यंत्राने भरलेल्या पट्टीवरचं पाइनचं झाड हुबेहूब असतं, कधीकधी हाताच्या कामापेक्षा जास्त सरळ. नक्षीचा अर्थ नुसता आकारात असता, तर पिशवीवरच्या झाडातही तो तितकाच उतरला असता. पण दाओ घरात तसं कुणी मानत नाही. विकायची पिशवी बाई दिवसभरात शिवून टाकते आणि त्यासाठी फार मोजतही बसत नाही. स्वतःच्या लग्नाची विजार मात्र ती वर्षभर भरते आणि एक धागा चुकला तरी उसवते. आकृती तीच असली तरी पिशवी अनोळखी गिऱ्हाइकासाठी आहे, आणि विजार सासरच्यांना, गोतावळ्याला आणि पुढे कधीतरी पूर्वजांना दाखवायची आहे. म्हणून एखादा दाओ अंगरखा पाहायला मिळालाच, तर समोरची नक्षी बघून झाल्यावर तो उलटा करून पाठीवरचा चौकोन बघावा आणि आतल्या बाजूचे टाकेही बघावेत. भरणारीने डोळ्यांनी पाहत काम केलं ते त्या आतल्या बाजूवर.